बाईसाहेबांचं बारावं प्रकरण

१

सोमवारी सकाळी आठ वाजता फोरमनकाकांनी दगडी टेबलावरचं फडकं उचललं आणि ते फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. फडक्याखाली जुळवलेल्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांची, तीन पानं असायला हवी होती. शनिवारी त्यांनी स्वतःच्या हातानं झाकून ठेवली होती. आता तिथं नुसता दगड होता, आणि एका कोपऱ्यात पानं बांधायच्या तीन दोऱ्या, नीट गुंडाळलेल्या.

"चूकबाई," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे या हो."

चूकबाई हे काही कुणाचं नाव नसतं. पण या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईला गेली आठ वर्षं सगळे याच नावानं हाक मारत, आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत, नाकावर जाड चष्मा. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचतानासुद्धा त्यातला राहिलेला अनुस्वार दाखवल्याशिवाय तिला औषध गिळवत नसे. असं माणूस घरात असलं की घरचे वैतागतात, छापखान्यात असलं की छापखाना चालतो.

हा छापखाना बायकांचा होता. बाईसाहेबांनी काढलेला. बाईसाहेब म्हणजे एका गिरणीमालकाची एकुलती एक मुलगी. वडील गेले तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि गिरणी, बंगला, बाग सगळं त्यांच्या एकटीच्या नावावर आलं. दुसरी कुणी असती तर पायावर पाय टाकून जन्म काढला असता. यांनी बंगला घरातून हाकललेल्या, मार खाऊन पळून आलेल्या बायकांना दिला, मागच्या गोदामात छापखाना घातला आणि त्या बायकांना खिळे जुळवायला शिकवलं. सेहेचाळीस वर्षांत सहाशे-सातशे जणी इथून स्वतःच्या पायावर उभ्या राहून बाहेर पडल्या. बाईसाहेबांनी स्वतःसाठी वरच्या मजल्यावरची एक खोली ठेवली, आणि घराला एक नियम घालून दिला. इथल्या कुठल्याही दाराला कुलूप लागायचं नाही. कडीकुलपातून सुटून आलेल्या बायकांना पुन्हा कुलूप दाखवायचं नाही, असं त्या म्हणत.

आता वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं. अकरा प्रकरणं छापून तयार होती. बारावं, शेवटचं, त्यांनी गेल्या मंगळवारी बंद पाकिटातून खाली पाठवलं होतं. त्याचं प्रूफ काढायचं नाही, मी स्वतः खाली येईन, असा निरोपही दिला होता. आणि शनिवारी संध्याकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

फोरमनकाकांनी लगबगीनं खण उघडला. हाताने लिहिलेली मूळ प्रत त्यात ठेवलेली असायची. तीही नव्हती.

"म्हणजे काका," चूकबाई म्हणाली, "ते प्रकरण आता फक्त बाईसाहेबांच्या मनात."

काकांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं. तिथून कुणीही काहीही सांगणार नव्हतं.

२

कारभार पाहायला बाईसाहेबांच्या चुलतभावाचा मुलगा होता. त्यांना सगळे भाचेसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही गोष्टीचा निकाल जेवणाच्या सुट्टीआधी लागला पाहिजे असं त्यांना वाटे. ते आले, दगडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दरवाजे उघडे टाकले की हेच होणार. बाहेरचं कुणीतरी येऊन गेलं."

इथं चूकबाईची जीभ नको तेव्हा चालली.

"बाहेरचं नाही," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसाला प्रकरण नासवायचं असतं, तर तीन दोऱ्या कापून खिळे जमिनीवर लोटून दिले असते. अर्ध्या मिनिटाचं काम. इथं खाली एक खिळा सांडलेला नाही. कुणीतरी दोन तास उभं राहून एकेक अक्षर सोडवलंय आणि खिळ्यांच्या पेटीत ज्याच्या त्याच्या खणात परत टाकलंय. दोऱ्यासुद्धा गुंडाळून ठेवल्यात. हे ज्याच्या हाताला वळण आहे त्याचंच काम. जुळारणीचं."

भाचेसाहेबांनी मान डोलावली. "बरोबर. म्हणजे जिनं जुळवलं तिचंच. लगबगला बोलवा."

चूकबाईला आपल्या हातून काय झालं ते तेव्हा कळलं. पण बोललेला शब्द प्रूफासारखा खोडता येत नाही.

लगबग म्हणजे चोवीस वर्षांची जुळारीण. बोटं अशी चालत की नाव तेच पडलं. चार वर्षांची मुलगी कडेवर घेऊन दीड वर्षापूर्वी ती इथं आली होती, तेव्हा तिचा डावा कान सुजून बंद झालेला होता. नवऱ्यानं तिचा पत्ता दोनदा शोधून काढला होता आणि दोन्ही वेळा बाईसाहेबांनी त्याला फाटकातून परत पाठवला होता.

"रविवारी तू छापखान्यात आली होतीस?" भाचेसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"तुला पाहिलंय. अकराच्या सुमाराला."

लगबगनं खाली पाहिलं. "आले होते. सगळ्याजणी वर बाईसाहेबांच्या दाराशी बसल्या होत्या. मला बसवेना. म्हटलं, बऱ्या झाल्या की पहिल्यांदा हेच मागतील. दोऱ्या सैल पडल्या असतील तर घट्ट करून ठेवू. पाहिलं आणि परत गेले. तेव्हा पानं होती."

"मग आधी नाही का म्हणालीस?"

"भीती वाटली."

"त्या प्रकरणात काय होतं?"

"मला नाही माहीत."

"तूच जुळवलंस ना?"

"साहेब, आम्ही जुळवतो. वाचत नाही. वाचायला गेलं की हात थांबतो." मग ती हळूच म्हणाली, "सुरुवातीला फाटकावरच्या मुलीचं काहीतरी होतं. तेवढं ओळखीचं म्हणून लक्षात राहिलं."

फाटकावरच्या मुलीची गोष्ट इथं सगळ्यांना तोंडपाठ होती. प्रत्येक वार्षिक अहवालात ती छापली जाई. वडील गेल्यावर महिन्याभरानं बाईसाहेबांना गिरणीच्या फाटकाशी एक सतरा वर्षांची पोरकी मुलगी बोचकं घेऊन बसलेली दिसली, त्यांना दया आली, त्यांनी तिला घरी आणलं, आणि तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. ती मुलगी आता त्रेसष्ट वर्षांची होती आणि इथंच राहत होती. पहिली मावशी म्हणत तिला.

"कुठल्या तरी वर्तमानपत्राला दिलं असशील," भाचेसाहेब म्हणाले. "बुधवारी चार वाजेपर्यंत मूळ प्रत आणून दे. नाहीतर सामान बांध. आत्याच्या जिवावर उठलेलं माणूस मी या घरात ठेवणार नाही."

लगबग रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "साहेब, मुलीला ठेवून घ्याल?"

भाचेसाहेब घड्याळ बघत निघून गेले, आणि चूकबाईला त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही. तिच्याच तोंडून निघालेल्या हुशारीनं एका मायलेकींचा निवारा जाणार होता. तो परत आणायला तिच्या हातात दोन दिवस होते.

३

मंगळवारी दुपारी टेबलावर एक साधं प्रूफ आलं. दवाखान्याच्या भिंतीवर लावायच्या सूचना. लगबगला कामावरून दूर ठेवलं होतं, म्हणून तिच्या शेजारच्या जुळारणीनं लगबगच्या खिळ्यांच्या पेटीपुढं उभं राहून ते जुळवलं होतं. दहा वर्षं खिळे जुळवून मुरलेली बाई. तिच्या प्रूफात शोधूनसुद्धा चूक सापडत नसे.

चूकबाईनं पहिली ओळ वाचली आणि चष्मा पुसला. 'रुग्णांना झेटण्याची वेळ.' दुसरी ओळ. 'आवारात फूम्रपान करू नये.' तिसरी. 'बाहेरचे ठाद्यपदार्थ व धळे आणू नयेत.' चौथी ओळ रुग्णांच्या शांत भोपेबद्दल होती.

दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं हे प्रूफ सगळ्या छापखान्याला वाचून दाखवलं असतं. आज ती उठून त्या जुळारणीकडे गेली.

"काय गं, डोळा लागला होता का?"

"मला कशाला विचारता? पेटीला विचारा," ती फणकारली. "माझा हात बरोबर खणात गेला. खणात दुसरंच अक्षर पडलंय त्याला मी काय करू? आम्ही का प्रत्येक खिळा डोळ्यासमोर धरून बघतो?"

चूकबाई परत येऊन बसली. चुका तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि चुकांच्याही तऱ्हा असतात हे तिला माहीत होतं. दमलेल्या हाताची चूक कुठंही पडते. घाईतली चूक ओळीच्या शेवटाकडे पडते. ही चूक तशी नव्हती. भ च्या जागी प्रत्येक वेळी झ होता, झ च्या जागी भ. ध च्या जागी फ, फ च्या जागी ध. ख आणि ठ यांचंही तेच. तीन जोड्या, एकमेकींच्या घरात शिरलेल्या. बाकी सगळी अक्षरं आपापल्या जागी.

ही काही चूक नव्हती. ही कुणाची तरी सवय होती.

तिनं लगबगच्या पेटीतले ते सहा खण चिमटीनं उपसून पाहिले. वरचे खिळे चुकीचे, तळातले बरोबर. म्हणजे वरचा थर रविवारचा. बाराव्या प्रकरणाचे खिळे परत टाकताना हे झालं होतं. पण लगबगचा हात दीड वर्ष याच पेटीवर चालत होता. तिनं टाकले असते तर झोपेतसुद्धा योग्य खणात पडले असते.

लगबगनं हे केलेलं नाही, हे आता उघड होतं. मग अशी जुळारीण कोण, जिचा हात बाकी कुठंच चुकत नाही आणि बरोबर या सहा खणांत चुकतो?

४

"काका, हे सहा खण कधी वेगळ्या जागी होते का?"

फोरमनकाका चहा पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. "होते की. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत. मीच बदलले. काही जास्त लागणारी अक्षरं लांबच्या खणात होती, बायकांचे हात भरून यायचे. आठ दिवस नुसती आरडाओरड. मग बसली सवय."

"त्या वेळच्या कोण कोण आहेत आता?"

काकांनी बोटं मोजली, तीनावर थांबले. "जुळारणी सगळ्या नंतरच्या. जुनी मांडणी हातात असलेले आम्ही तिघंच राहिलो. मी, बाईसाहेब आणि पहिली मावशी. बाईसाहेबही पहिल्या वर्षी आमच्याबरोबर शिकल्या होत्या, माहीत आहे ना?"

बाईसाहेब रविवारी अंथरुणात निपचित पडून होत्या. राहिले दोघं.

"तुम्ही रविवारी कुठं होतात?"

काका हसले. "माझ्यावर संशय? घ्या बापडे. दिवसभर डॉक्टरांच्या मागं धावत होतो. आणि मी टाकले असते तर मला दिसलं नसतं का, की झ च्या खणात झ च आहेत? डोळे असलेला माणूस पहिल्याच खिळ्याला थांबेल."

हे म्हणाले मात्र आणि दोघांनीही शेजारच्या खोलीकडे पाहिलं.

पहिल्या मावशीला डोळे नव्हते. नव्हते म्हणजे, उजेड आणि माणसाची सावली तेवढी कळे. नजर इतकी गेलीय हे तिनं बाईसाहेबांना मात्र कधी कळू दिलं नव्हतं. खणांची मांडणी बदलली त्याच वर्षी तिनं जुळवणं सोडलं होतं. नव्यानं काही शिकायचं नाही म्हणाली, आणि शेजारच्या खोलीत छापलेल्या कागदांच्या घड्या घालायला बसली.

"पण तिला वाचता कुठं येतंय आता?" काका म्हणाले. "दिसत नाही तिला." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. "कागद वाचता येत नाही. खिळे येतात. नव्या पोरींशी पैजा लावते ती. कुठलाही खिळा बोटांत द्या, न बघता अक्षर सांगते. एकदा अख्खी ओळ सांगितली होती."

"तिला या प्रकरणाचं कळलं कुणाकडून?"

"माझ्याकडूनच." काकांनी कपाळावर हात मारला. "शुक्रवारी तिच्यापाशी कुरकुर केली मी. पाकीट मीच आणलं होतं वरून. बाईसाहेबांनी बजावून सांगितलं होतं, हे पहिलीनंच जुळवायचं, दुसऱ्या कुणी नाही. मी भाचेसाहेबांना तसा निरोप दिला. ते म्हणाले, आत्याला वयोमानानं भान राहिलेलं नाही, त्या आंधळ्या म्हातारीला महिना लागेल. आणि लगबगला देऊन टाकलं."

चूकबाई तडक भाचेसाहेबांच्या खोलीत गेली. त्यांनी नाकारलं नाही. उलट त्यांना नवल वाटलं.

"काम लवकर व्हावं म्हणून दिलं. त्यात वाईट काय केलं मी?"

"बाईसाहेबांना कळवलंत, की जुळवायला दुसरीला दिलंय म्हणून?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास द्यायचा?"

तोवर दिवे लागले होते. चूकबाई घड्या घालायच्या खोलीत डोकावली. मावशीची बैठक रिकामी होती. सोमवारपासून ताप आहे म्हणून ती आपल्या खोलीत पडून आहे, कुणालाच आत येऊ देत नाही, असं शेजारणीनं सांगितलं.

५

बुधवारी बारा वाजता चूकबाईनं मावशीचं दार ढकललं. कुलूप नव्हतंच. खाट, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. मावशी भिंतीला टेकून बसली होती.

"कोण? चूकबाई का? पावलं ओळखली मी. बस."

चूकबाईनं मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. खणांचं, दोऱ्यांचं, त्या सहा अक्षरांचं. तिनं त्यातलं निम्मंच सांगितलं, आणि मावशीनं हात वर केला.

"सहा खण होय? विसरलेच मी. हात जुन्या घरी गेला बघ." आणि ती चक्क हसली. "मीच सोडवले. पुढं बोल."

"पुढं हे, की आज चार वाजता लगबगला हाकलणार आहेत. तिच्यावर आळ आलाय."

मावशीचं हसू गेलं. "त्या पोरीला? मला कुणी कसं सांगितलं नाही? अगं, दार लावून बसले म्हणून काय मेले होते का मी?" ती चाचपडत उठू लागली. "चल. आत्ता सांगते मी भाच्याला."

"काय सांगाल? का सोडवलेत म्हणून सांगाल?"

मावशी पुन्हा बसली. 

"तुला सांगते. तू चुका बघतेस, माणसाला नावं ठेवत नाहीस. रविवारी सगळ्या वर बसल्या होत्या. मी पण गेले होते, पण तिला धड बघताही येत नाही मला, मग दाराशी बसून काय करायचं? खाली आले. काकांनी सांगितलं होतं माझं नाव घेतलं होतं तिनं. म्हटलं, बघू तरी काय आहे. फडकं काढलं, बोट लावलं. पहिल्या पानावर तेच, फाटकावरची मुलगी. दरवर्षीचं रडगाणं. पुढं लिहिलं होतं, ही गोष्ट खोटी आहे. मी तिला फाटकावर पाहिली नाही. मी तिला शोधत गेले होते. वडिलांच्या कपाटात त्यांच्या हातचं पत्र निघालं. गिरणीतल्या एका बाईपासून त्यांना मुलगी होती. तिला आपलं नाव दे, घरात बरोबरीनं वागव, असं त्यांनी मला लिहून ठेवलं होतं. ते पत्र मी जाळलं."

खिडकीबाहेर लगबगची मुलगी कुणाशी तरी दगडांनी खेळत होती. तिचा आवाज खोलीत येत होता.

"माझी बहीण आहे ती, चूकबाई. सख्खा बाप एक आमचा. सेहेचाळीस वर्षं मी तिला बाईसाहेब म्हटलं. तिच्यासमोर खुर्चीत बसले नाही. दर वर्षी वर्धापनदिनाला मला मंचावर उभी करायची. ही माझी पहिली. लोक टाळ्या वाजवायचे. तिच्या मोठ्या मनाच्या टाळ्या. मी मान खाली घालून उभी. आणि तिला ठाऊक होतं!"

"पण आता तर कबूल केलं होतं ना त्यांनी?"

"कुणाकडे? पुस्तकाकडे!" मावशी उसळून म्हणाली. "माझ्या खोलीपासून तिची खोली बावीस पायऱ्या. मी मोजल्यात. तेवढ्या उतरून मला नाही सांगितलं, जगाला सांगायला निघाली. लोक काय म्हणाले असते माहीत आहे? बघा केवढी बाई, केवढं धाडस, सगळं कबूल केलं. यातही तिचंच मोठेपण. आणि मला परत मंचावर उभी केली असती, आता बहीण म्हणून. राग आला मला. वाटलं, लोटून द्यावं सगळं खाली. पण ते काही जमलं नाही बघ. तिनंच शिकवलं होतं, शिसं सांडायचं नाही. एकेक अक्षर सोडवत गेले."

चूकबाईला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"मूळ प्रत?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

मावशीनं उशीखालून पाकीट काढलं. "ही. मला काय उपयोग? कागदाला बोट लावून कळतं थोडंच. फाडवलं मात्र नाही."

चूकबाईनं पाकीट उघडलं. पहिल्या तीन कागदांवर मावशीनं सांगितलं तेच होतं. मागं चौथा कागद होता, आणि त्याच्या माथ्यावर दोन रेघा ओढून लिहिलं होतं, 'छापायचं नाही.' लगबगनं तो का जुळवला नाही ते चूकबाईला कळलं. छापायचं नाही ते वाचायचंही नाही, हा इथला शिरस्ता होता.

"मावशी, अजून एक पान आहे. तुम्हाला लिहिलंय."

"मला?"

चूकबाई वाचू लागली. "'हे पान छापायचं नाही. जुळवत जुळवत तू इथवर आलीस म्हणजे तुला सगळं कळलं. तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी ठरवलं आणि रोज सकाळी तुला नुसतं काम सांगितलं. म्हणून हे तुझ्याच हातात देते आहे. डोळ्यांनी तुला जड जाईल, पण वेळ लागू दे, मला घाई नाही. तुझ्याआधी हे कुणी वाचलेलं नसेल. जगाला कळावं की नाही ते तू ठरव. नको असेल तर खिळे सोडून टाक, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण एकदा वर ये. भांडायला का होईना, ये. मी वाट बघते आहे.'"

मावशीनं हात पुढं करून तो कागद घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "कधीचं आहे हे?"

"मंगळवारचं. गेल्या."

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार," मावशी म्हणाली. "चार दिवस बोलता येत होतं तिला."

६

भाचेसाहेबांना मावशीनं एवढंच सांगितलं की खिळे तिनं सोडवले, लगबगचा काही संबंध नाही, आणि का ते ती सांगणार नाही. ते संतापले. ज्यांनी तुम्हाला रस्त्यावरून उचललं त्यांच्या पुस्तकाचं तुम्ही हे केलंत, म्हणाले. बाहेर चारदोन जणींनीही तसंच काही पुटपुटलं. चूकबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. मावशीनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणून ती गप्प राहिली. लगबगची माफी भाचेसाहेबांनी मागितली, अर्धवट का होईना, आणि ती तशीच धावत आपल्या मुलीकडे गेली.

मग मावशी बावीस पायऱ्या चढली. चूकबाईनं तिला खाटेपर्यंत नेलं. पायथ्याशी खुर्ची होती. मावशीनं ती चाचपून उशाशी ओढली आणि बसली.

"मी वाचलं गं," ती म्हणाली. "उशिरा वाचलं. मला दिलंच नाही त्यांनी, दुसरीला दिलं. मला माहीतच नव्हतं तू वाट बघतेयस ते. माहीत असतं तर आले असते. भांडायलाच आले असते."

बाईसाहेबांचे डोळे उघडे होते. डावा हात चादरीवरून सरकत आला आणि मावशीच्या बोटांना लागला.

"का नाही सांगितलंस?" मावशीनं विचारलं. "एकदा तरी?"

बाईसाहेबांचे ओठ हलले. घशातून एक आवाज आला. त्याचा शब्द होईना. मावशी कान लावून ऐकत राहिली, आणि तो आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला. चूकबाईला ते बघवेना. ती बाहेर येऊन जिन्यावर बसली.

पुढचे दोन दिवस मावशी तिथून हलली नाही. आपली आई दिसायला कशी होती, गिरणीच्या चाळीत पाणी कसं भरायची, लहानपणी आपल्याला कशाची भीती वाटायची, हे सगळं ती बाईसाहेबांना सांगत होती. पुस्तकाचंही एकदा बोलली. "ते बारावं नको छापायला. अकरा पुष्कळ झाली. सांगायचं असेल तेव्हा मी सांगेन."

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाईसाहेब गेल्या. खोलीत माणसं मावेनात. डॉक्टरांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि खिशातून छापील कागद काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"शेवटच्या वेळी जवळ कोण होतं?"

"या होत्या," चूकबाई म्हणाली.

"नातं?"

भाचेसाहेब पुढं झाले. "त्या संस्थेतल्याच आहेत, डॉक्टर. माझं नाव घाला. मी भाचा."

"मी विचारतोय, जवळ कोण होतं?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "बाई, तुमचं नातं काय?"

मावशी खुर्चीतून उठली नाही. बाईसाहेबांचा हात अजून तिच्या हातात होता.

"धाकटी बहीण," ती म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. भाचेसाहेबांनी तोंड उघडलं, पण चूकबाईनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते मिटलं. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मान वर न करता तेवढं लिहून घेतलं आणि मावशीला सहीची जागा दाखवली.